मुंगूस इंग्रजीत कसे गेले?

पनवेलच्या एका शाळेतील इंग्रजीची उत्तरपत्रिका आमच्या पाहण्यात आली. ‘गूस’ या पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’, म्हणून एका विद्यार्थिनीने ‘मॉंगूस’चे अनेकवचन ‘मॉंगीस’ लिहिले होते. बाईंनी ते खोडून ‘मॉंगूसिस’ केले. उत्तर चुकले होते, तर्क नव्हे. नियम का लागू पडत नाही, हे व्याकरणात नाही तर इतिहासात सापडते. ‘मॉंगूस’ म्हणजे आपले मुंगूसच. त्याचा त्या पक्ष्याशी काहीही संबंध नाही.

शब्दाचे मूळ कसे शोधतात, हे पाहण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. या प्राण्याला संस्कृतात नकुल म्हणतात आणि हिंदीत नेवला. मुंगूस यांपैकी कशाशीच जुळत नाही. कन्नडमध्ये मात्र ‘मुंगुसि’ आणि तेलुगूत ‘मुंगिस’ आहे. म्हणजे हा शब्द बहुधा द्राविड भाषांतून मराठी-कोकणीत आला. इंग्रजांनी तो उचलला तो पश्चिम किनाऱ्यावर. चौल, वसई, मुंबई ही ठाणी त्यांच्या आधी पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे तो पोर्तुगीजांच्या तोंडून गेला असण्याचाही संभव आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईस आला. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात हा शब्द आढळतो. पुढे बराच काळ त्याचे स्पेलिंग निरनिराळ्या प्रकारे होत असे. अखेर अनोळखी शब्दाच्या शेपटाला ओळखीच्या पक्ष्याचे रूप मिळाले. परका शब्द असा आपल्या ओळखीच्या शब्दासारखा करून घेणे सर्वच भाषांत घडते.

शब्दाचे अर्थही भटकले. लिनियसने १७६६ साली मादागास्करमधील एका लेमूरला ‘मॉंगोझ’ हे जातिनाम दिले. वास्तविक लेमूर हा माकडांचा दूरचा नातलग. १७९५ साली ‘मुंगोस’ ही प्रजाती शास्त्रात आली. आज तिच्यात फक्त आफ्रिकेतील दोन जाती आहेत. आपल्या मुंगसाचे शास्त्रीय नाव आहे ‘ऊर्वा एडवर्ड्‌साय’. नाव आपले, पण ते मिळाले दुसऱ्यालाच!

नावाबरोबर कीर्तीही पसरली. किपलिंगची ‘रिक्की-टिक्की-टावी’ ही मुंगसाची गोष्ट १८९४ साली ‘जंगल बुक’मध्ये आली. त्याआधी, १८७२ साली, जमैकातील उसाच्या मळ्यांत उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ लहान भारतीय मुंगसे नेण्यात आली. तेथून १८८३ साली त्यांचे वंशज हवाई बेटांवर गेले. पण मुंगूस दिवसा हिंडते आणि उंदीर मुख्यतः रात्री. पक्षी आणि त्यांची अंडी मात्र त्याच्या तावडीत सापडली. जपानच्या अमामी बेटावर १९७९ साली सुमारे तीस मुंगसे सोडली ती विषारी हाबू सापासाठी. तो सापही रात्रीचा! मुंगसांनी तेथील दुर्मिळ सशांवर ताव मारला. त्यांचा पूर्ण नायनाट झाल्याचे जाहीर व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला.

साप-मुंगसाचे वैर सर्वांना ठाऊक होते. पण मुंगूस केव्हा हिंडते आणि आणखी काय काय खाते, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. वस्तुतः पनवेलजवळच्या कोणत्याही बांधावर ते भर दिवसा दिसते. उंदीर, सरडे, किडे, अंडी, फळे, जे मिळेल ते खाते. नाव माहीत असणे म्हणजे प्राणी माहीत असणे नव्हे.

तेव्हा वर्गात ‘मॉंगीस’ असे उत्तर आले, तर ते खोडण्यापूर्वी पाच मिनिटे हा इतिहास अवश्य सांगावा. आणि पुढच्या रविवारी मुलांना बांधावर न्यावे, तेही दिवसाउजेडी!