काचबिंदूचे ड्रॉप्स रोज टाकले जातात का, हे मोजतात कसं?

काचबिंदूचे ड्रॉप्स बहुतेक रुग्णांना वर्षानुवर्षं टाकावे लागतात. पण ते टाकल्याने नजर सुधारल्यासारखी वाटत नाही आणि एखादा दिवस चुकला तर काही दुखतही नाही. त्यामुळे खंड पडतो. मात्र काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

मोजायची गरज काय?

नजरेचा घेर कमी होत असल्याचं तपासणीत दिसलं, तर डॉक्टर दुसरं औषध वाढवू शकतात किंवा ऑपरेशन सुचवू शकतात. खरं कारण चुकलेले ड्रॉप्स असेल, तर उपचाराची दिशाच चुकते.

रुग्णाला विचारलं तर?

उत्तर बहुधा वाढवून मिळतं. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८४ रुग्णांच्या बाटल्यांना नोंद ठेवणारं यंत्र बसवलं होतं. रुग्णांच्या सांगण्यानुसार त्यांनी ९७ टक्के डोस घेतले होते. यंत्राची नोंद होती ७६ टक्के.

डोळ्याचा दाब तपासून कळत नाही का?

पूर्ण नाही. काही औषधांचा परिणाम थोड्या दिवसांतच दिसतो. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात नियमित ड्रॉप्स टाकले, तर त्या दिवशी दाब नॉर्मल येऊ शकतो.

मेडिकलच्या बिलांवरून?

हिशेब सोपा आहे. समजा, जळोचीतल्या एका आजोबांना एक बाटली ३० दिवस पुरते. १८० दिवसांत त्यांनी ४ बाटल्या घेतल्या, म्हणजे १२० दिवसांचं औषध. प्रमाण आलं ६७ टक्के. अनेक अभ्यासांत ८० टक्क्यांच्या वर असलेल्या रुग्णाला नियमित मानतात. पण आजोबांनी एक बाटली बारामतीत घेतली आणि दुसरी मुलाकडे पुण्यात, तर एका दुकानाची नोंद अपुरी पडते. शिवाय बाटली विकत घेतली म्हणजे औषध डोळ्यात गेलं, असंही नाही.

मग सर्वांत भरवशाची पद्धत कोणती?

प्रत्येक वापराची वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा उपकरणाने १९६ रुग्णांवर तीन महिने लक्ष ठेवलं. सुमारे ४५ टक्के रुग्णांनी ७५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले होते. तपासणीची तारीख जवळ आली की वापर वाढत होता. अर्थात थेंब डोळ्यात पडला की गालावर, हे या उपकरणालाही कळत नाही.

घरी काय करता येईल?

- ड्रॉप्स टाकले की कॅलेंडरवर खूण करा.
- बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा.
- तपासणीला जाताना चालू बाटली आणि बिलं सोबत न्या. डॉक्टरांसमोर एकदा ड्रॉप टाकून दाखवा.
- आठवड्यात किती दिवस चुकले, ते स्पष्ट सांगा. औषध महाग पडत असेल, डोळ्यांची आग होत असेल किंवा हात थरथरत असेल, तर तेही सांगा. त्यावर उपाय निघू शकतो.