चाडची सफारी आणि झाकुमाचे हत्ती

चाडला स्वतःच सफारी आखून जायचंय? मग झाकुमा. १९६३ सालचं हे राष्ट्रीय उद्यान. २००२ मध्ये इथे ४,००० हून जास्त हत्ती होते, २०१० पर्यंत जेमतेम ४५० उरले. घोड्यांवरून येणारे बंदूकधारी हस्तिदंतासाठी कळपच्या कळप मारायचे. उरलेले हत्ती घाबरून एकत्र राहू लागले आणि पिल्लं होणं जवळजवळ थांबलं! २०१० मध्ये कारभार ‘आफ्रिकन पार्क्स’कडे गेला. पावसाळ्यात हत्ती उद्यानाबाहेर पडतात आणि नेमके तेव्हाच मारले जातात, म्हणून गस्त बाराही महिने सुरू झाली. २०१२ मध्ये सहा रक्षकांचा जीव गेला. गस्त थांबली नाही. हळूहळू कळपात पुन्हा पिल्लं दिसू लागली.

असो. पावसात रस्ते बुडतात, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल धरा. तेव्हा उरल्यासुरल्या पाण्याभोवती सगळे जमतात, हत्तीसुद्धा.