‘मज्जा’ शब्दाची द्व्यर्थता आणि रक्तजनक पेशींच्या प्रतिरोपणाचा इतिहास

एखाद्या शास्त्राचा इतिहास लिहिताना प्रयोग, उपकरणे आणि संशोधक यांचा मागोवा घेतला जातो. त्या शास्त्राने वापरलेल्या शब्दांकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. रक्त निर्माण करणाऱ्या पेशी आणि त्यांचे प्रतिरोपण यांच्या बाबतीत हे दुर्लक्ष महागात पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या विचारास निमित्त झाले ते बीड जिल्ह्यातील पाली येथील एका परिचित कुटुंबाचे. धाकट्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता आणि तपासणीत थोरला भाऊ दाता म्हणून जुळला होता. थोरला दर वर्षी ऊसतोडीस जाणारा. वडिलांनी मला विचारले, “सर, मणक्यातली मज्जा काढली तर पोराला लकवा नाही का मारणार? मग कोयता कोण धरील?” वस्तुतः डॉक्टरांनी मणक्याचे नावही घेतले नव्हते. हा मणका आला कोठून, याचे उत्तर वैद्यकात नसून शब्दाच्या इतिहासात आहे.

आयुर्वेदाने मानलेल्या सप्तधातूंत मज्जेचा क्रम सहावा. ती अस्थीपासून उत्पन्न होते आणि अस्थीच्या पोकळीत राहते. सुश्रुतसंहितेत मोठ्या अस्थींतील मज्जा आणि इतर अस्थींतील रक्तयुक्त मेद असा भेदही केलेला आढळतो. तथापि रक्ताचे स्थान म्हणून तेथे यकृत व प्लीहा यांचा निर्देश आहे. मज्जेपासून रक्त होते असे कोठेही म्हटलेले नाही. यास्तव आधुनिक शोधाचे बीज त्यात पाहणे युक्त होणार नाही. पुढे पाश्चात्त्य शारीरविज्ञान मराठीत आले तेव्हा याच शब्दाला दुसरे काम लागले. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था ही सारी नावे संवेदनांच्या यंत्रणेची झाली. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. हाडाच्या पोकळीतील मऊ गाभा आणि मणक्याच्या नळीतील मऊ दोरी ही एकाच जातीची, अशी समजूत युरोपातही होती. जर्मन भाषेत ‘क्नोखेनमार्क’ म्हणजे अस्थिमज्जा आणि ‘र्‍युकेनमार्क’ म्हणजे मेरुरज्जू. ‘मार्क’ हा घटक दोहोंत समान. ग्रीक ‘म्येलोस’ हा शब्द ‘मायलॉइड’ या रक्तविकाराच्या नावातही आहे आणि मेरुरज्जूला ग्रासणाऱ्या ‘पोलिओमायलायटिस’मध्येही आहे.

अस्थिमज्जेचे खरे कार्य १८६८ मध्ये उजेडात आले. कोनिग्सबर्ग येथे एर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत जुलिओ बित्झोझेरो यांनी, रक्तपेशी अस्थिमज्जेत जन्मतात असे त्या वर्षी प्रतिपादिले. योगायोग असा, की त्याच वर्षी एर्न्स्ट हेकेल यांनी ‘श्टामत्सेले’ हा शब्द योजला. ‘श्टाम’ म्हणजे झाडाचा बुंधा आणि वंशही. हेकेल यांना अभिप्रेत होता तो सर्व जीवांचा एकपेशीय पूर्वज. शतकाच्या अखेरीस हा शब्द रक्तविज्ञानात आला, आणि १९०९ मध्ये अलेक्झांडर मॅक्सिमॉव्ह यांनी सर्व रक्तपेशींचा पूर्वज एकच असल्याचे मत मांडले. आपल्या ‘मूलपेशी’ या शब्दाच्या मागे ही परंपरा आहे. परंतु नाव आधी आले. पुरावा मिळण्यास अर्धे शतक लागले.

तो पुरावा अणुयुगाच्या भीतीतून निघाला. १९४५ नंतर किरणोत्सर्गाने मरणारे प्राणी कसे वाचवावेत, हा प्रश्न निकडीचा झाला. लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये उंदराची प्लीहा शिशाने झाकून त्यास वाचविले; लवकरच निरोगी मज्जा टोचूनही तोच परिणाम साधता आला. टोरांटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये, किरणांनी रक्तोत्पत्ती थांबलेल्या उंदरांना मज्जापेशी टोचल्या आणि त्यांच्या प्लीहेवर उमटलेल्या गाठी मोजल्या. सुमारे दहा हजार पेशींमागे एक गाठ, असे प्रमाण आले. प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती आहे, हे १९६३ मध्ये गुणसूत्रांतील खुणांवरून सिद्ध झाले. बुंधा अखेर दिसला.

मनुष्यावरील उपचाराची वाट खडतर होती. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये मज्जा शिरेतून दिलेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी कोणीही फार काळ जगले नाही. १९५८ मध्ये झां दोसे यांनी श्वेतपेशींवरील ऊतकखुणेचा शोध लावला. अशा खुणांवरून दाता व रुग्ण जुळविता येऊ लागले, तेव्हा मार्ग मोकळा झाला. सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. भारतातील पहिले यशस्वी प्रतिरोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती व दाता तिचा भाऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये व डॉ. वैजयंती काळे यांनी, या पेशी गोठवून साठविताना होणारी हानी कशी टाळावी याचा अभ्यास केला. गोठवणीच्या द्रावात ट्रेहॅलोज ही शर्करा व कॅटॅलेज हे विकर मिसळण्याचे त्यांचे प्रयोग अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत.

याच काळात उपचाराचे नावही बदलले. १९८८ मध्ये पॅरिसला नाळेतील रक्त वापरून प्रतिरोपण झाले; पुढे दात्यास काही दिवस औषध टोचून, त्याच्या वाहत्या रक्तातूनच या पेशी वेगळ्या करण्याची रीत रूढ झाली. उगमस्थाने अनेक झाल्यामुळे ‘अस्थिमज्जा प्रतिरोपण’ हे नाव शास्त्राला अपुरे वाटले आणि ‘रक्तजनक मूलपेशींचे प्रतिरोपण’ हे अधिक नेमके नाव पुढे आले. मराठी व्यवहारात मात्र जुनेच नाव चालू राहिले, आणि त्यासोबत मज्जारज्जूची सावलीही.

पालीच्या त्या वडिलांचे शब्दज्ञान कच्चे नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. शाळेने व बोलीने शिकविलेला अर्थच त्यांनी प्रामाणिकपणे लावला होता. कमरेच्या हाडातून, भूल देऊन, सुईने हा द्रव घेतात. मणक्यातील रज्जूस स्पर्शही होत नाही. गेलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात, एवढे सांगितल्यावर त्यांनी संमती दिली. दाता त्याच हंगामात फडावर गेला. परंतु शंका मनात ठेवून गप्प राहण्यात जे आठवडे गेले, ते या रोगात परवडणारे नसतात. सर्वच कुटुंबांत प्रश्न विचारला जातो, असेही नाही. पुष्कळदा नुसताच नकार मिळतो आणि त्याचे खापर अज्ञानावर फोडले जाते.

पाठ्यपुस्तकांनी चेतासंस्था व मेरुरज्जू हे शब्द स्वीकारून अर्धे काम केले आहे. उरलेले अर्धे, म्हणजे दात्यासमोर ‘मज्जा’ न म्हणता ‘रक्त तयार करणाऱ्या पेशी’ असे म्हणणे, हे वैद्यक आणि भाषाविज्ञान या दोहोंचे समाईक कर्तव्य होय. परिभाषेची चर्चा विद्वानांच्या सोयीसाठी असते, हा समज सोडून देण्यास याहून सबळ कारण क्वचितच सापडेल.