चिलखताचा उलटा आकडा

१९९८ साली आलेला ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा खेळणारा माणूस एका जागी हमखास अडखळतो. चार मोहरा गाठीला जमवून त्याने पोलादी पत्र्याचं जड चिलखत विकत घेतलेलं असतं. ते अंगावर चढवतो आणि पाहतो तर ‘आर्मर क्लास’चा आकडा १० वरून थेट ३ वर! दुकानदाराने टोपी घातली की काय? तर नाही. इथे आकडा जितका लहान तितकं चिलखत भारी. हे पचतंय तोवर शेजारी ‘थॅको’ नावाचं आणखी एक प्रकरण दिसतं आणि मग बरेच जण गणित सोडून नुसती तलवार चालवू लागतात.

या उलट्या आकड्याचं मूळ गंमत म्हणजे सुलटं आहे. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाची नियमपुस्तिका काढली. टेबलावर छोटे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळणाऱ्यांसाठी ती होती. त्यात एकास एक झुंजीचं एक कोष्टक होतं. एका बाजूला हत्यारं आणि दुसऱ्या बाजूला चिलखतांचे ८ वर्ग. पहिला वर्ग उघड्या अंगाचा, आठवा पत्र्याचं चिलखत आणि वर ढाल घेतलेल्याचा. दोन साधे फासे टाकायचे. समोरचा उघड्या अंगाचा असेल तर खंजिराला ६ चं दान पुरे. पत्र्याच्या चिलखताला मात्र १२ च हवेत, म्हणजे छत्तिसात एकदा. आणि वार बसला की सैनिक पटावरून उचलायचा. शंभरातला एक सैनिक गेला तर कोण रडतो?

पण मिनियापोलिस–सेंट पॉल भागात डेव्ह अर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येकाकडे एकच माणूस होता. त्याला नाव होतं, त्याची कमाई होती. राक्षस एका घावात मेला तर खेळाडूंची हरकत नव्हती. आपण एका घावात मेलो की मात्र तोंडं वाकडी. अर्नेसनने पुढे मुलाखतीत सांगितलं आहे की यावर तोड म्हणून त्याने स्वतःच्याच जुन्या आरमारी खेळाचे नियम उचलले. तो खेळ अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी पत्रे ठोकलेल्या जहाजांचा होता. किती मार खाल्ल्यावर जहाज बुडेल त्याचे ‘हिट पॉइंट’ आणि पत्रा किती दणकट त्याचा ‘आर्मर क्लास’, दोन्ही त्यात होतं.

ही जहाजं डोळ्यांपुढे आणली की बरंच उलगडतं. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या पाण्यात ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ काही तास एकमेकींवर तोफा डागत होत्या. एकीच्या बुरुजावर ८ इंच जाडीचं लोखंड, दुसरीच्या अंगावर ४ इंच. गोळे येऊन आदळत होते, पण कुणीच कुणाचा पत्रा भेदला नाही. जहाजाच्या हिशेबात गोळा एक तर आत शिरतो, नाहीतर घसरून जातो. ‘अर्धवट शिरला’ याला फारसा अर्थ नाही.

म्हणूनच हे जहाजी नियम उचललेल्या खेळात चिलखत जखम कमी करत नाही, वारच चुकवतं. नवख्याला हे खटकतं: जड पत्रे घातलेला माणूस चपळ कसा झाला? इंग्रजीत ‘हिट’ म्हणजे आघात झाला, असं वाटत राहतं, आणि घोटाळा तिथेच आहे. मराठीत हा प्रश्न उद्भवतच नाही. पोर धडपडलं की आपण विचारतो, ‘लागलं का रे?’ जमीन लागली का हे कुणी विचारत नसतं. ‘हिट’च्या जागी ‘लागलं’ ठेवा: चिलखतावर तलवार खणकन आदळली, पण लागलं नाही. नियम चोख बसतो.

१९७४ साली गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि त्यात वर्गांची माळ फिरली. उघडं अंग ९, पत्रा आणि ढाल २. वीस बाजूंचा फासा वापरणारी पद्धत तिथे ‘पर्यायी’ म्हणून छापली होती. सगळ्यांनी तीच उचलली. पहिल्या पायरीच्या लढवय्याला ९ च्या वर्गासाठी १० हवेत, २ च्या वर्गासाठी १७. आगगाडीत पहिला वर्ग तिसऱ्यापेक्षा वरचा असतो हे ठाऊक असलेल्याला यात वावगं काही वाटणार नाही, आणि आकडेमोड कोष्टकच करून देत होतं. पंचाईत झाली ती पहिल्या वर्गाच्याही पलीकडे शून्य आणि उणे वर्ग निघाल्यावर. १९७९ च्या ‘अॅडव्हान्स्ड’ कोष्टकात उणे १० पर्यंत मजल गेली होती.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने (‘बाल्डर्स गेट’ बेतला तो हिच्यावरच) कोष्टकाऐवजी एकच आकडा हाती दिला. शून्य वर्गाला लागायला किती दान हवं, तो थॅको. त्यातून समोरच्याचा वर्ग वजा करायचा. थॅको १६ आणि समोर उणे २ असेल तर? उणे दोन वजा म्हणजे दोन मिळवायचे: १८. त्यात जादूची ‘अधिक एक’ ढाल आकडा साध्या ढालीपेक्षा आणखी एकाने उतरवते, आणि ‘अधिक एक’ तलवार दान एकाने चढवते. रात्री अकरा वाजता, चिवडा खाता खाता, हे करून पाहावं.

सगळ्यांनीच हा जहाजी न्याय मानला नव्हता. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये वार लागतो आणि चिलखत त्यातली काही जखम शोषून घेतं. त्याचा कर्ता स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन लढाया प्रत्यक्ष अंगावर चिलखत घालून खेळणाऱ्या मंडळींपैकी होता. मला यात काही योगायोग वाटत नाही.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीने माळ पुन्हा सुलटी केली: उघडं अंग १०, तिथून वर चढत जायचं, आणि वर्गाइतकं दान पडलं की लागलं. तरी जुन्या पद्धतीचे चाहते हटले नाहीत. २०१९ च्या ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ने वाद न घालता दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले. पत्र्याच्या चिलखतासमोर ३ आणि चौकटी कंसात १६. कुठलंही चिलखत घ्या, दोन्हींची बेरीज १९.