आधी ठरले नसेल तरच

सातपुड्यातील काठी हे गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. ३० जून १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. १ जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि गाव जागचे न हलता त्याचा पत्ता बदलला. १९९७ साली दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धुळे हाच जिल्हा राहणार. नव्या पत्रांवर मात्र नंदुरबार हवा. म्हणजे ‘जिल्हा’ या चलाचे मूल्य लिहितानाच कायम करायचे, की दर वापराच्या वेळी नव्याने पाहायचे, हे कामावर अवलंबून असते. संगणकक्षेत्रात हाच प्रश्न ‘मेक’ नावाच्या साधनात उभा राहिला.

मोठी संगणक-आज्ञावली अनेक फायलींत विभागलेली असते. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ निर्दोष आज्ञावलीतील चूक शोधण्यात वाया गेली. चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी एका शनिवार-रविवारात उपाय लिहिला, तोच ‘मेक’. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे, हे त्याला सांगून ठेवायचे. फायलींच्या वेळा ताडून तो जरूर तेवढेच काम पुन्हा करतो.

फेल्डमन यांच्या मेकमध्ये चलाला मूल्य देण्यासाठी साधे = हे चिन्ह होते. आपल्या उदाहरणात ते असे दिसेल :

जिल्हा = धुळे
पत्ता = काठी, जिल्हा $(जिल्हा)
जिल्हा = नंदुरबार

यानंतर पत्ता विचारला तर ‘नंदुरबार’ येते, कारण दुसऱ्या ओळीचा उलगडा वापराच्या क्षणी होतो. हे पत्रासाठी ठीक, दाखल्यासाठी नाही. म्हणून पुढे ग्नू मेकमध्ये := हे चिन्ह आले. दुसऱ्या ओळीत ते घातले, तर ‘धुळे’ तेथेच कायम होते.

‘केव्हा ठरवायचे’ हे असे सुटले. ‘कोणी ठरवायचे’ हे उरले. आज्ञावली एकजण लिहितो आणि ती हजारो ठिकाणी बांधली जाते. वापरणाऱ्याने आपल्या संगणकावर, म्हणजे त्याच्या परिसर-चलांत, आधीच एखादे मूल्य ठेवलेले असले, तरी मेकच्या फाईलमधील = एरवी त्यावर मात करते. ‘कोणी काही ठरवले नसेल, तर हे घ्या’ असे लिहिणाऱ्याला सांगता यायला हवे होते. बर्कली विद्यापीठात अ‍ॅडम डी बूर यांनी लिहिलेल्या मेकमध्ये त्यासाठी ?= हे चिन्ह होते :

जिल्हा ?= धुळे

ग्नू मेकने ते ३.७७ या आवृत्तीत घेतले. ती जुलै १९९८ मध्ये, म्हणजे नंदुरबार जिल्हा झाला त्याच महिन्यात, निघाली.

येथे एक बारकावा आहे. चलाला कोणी मुद्दाम रिकामे मूल्य दिले असेल तर? ?= त्याला हात लावत नाही. अर्जातील रकाना भरायचा राहणे आणि त्यात विचारपूर्वक आडवी रेघ मारणे, यांत फरक आहे. ‘काही नको’ हाही एक निर्णयच असतो.

मग प्रमाणभूत नियम व्हायला वेळ का लागला? कारण एकदा वापरात आलेले चिन्ह मागे घेता येत नाही. सन कंपनीच्या मेकमध्ये := चा अर्थ वेगळाच होता : अमुक एक वस्तू बांधतानाच हे मूल्य धरा. दोन्ही अर्थांच्या फायली जगभर पसरल्या होत्या. त्यामुळे २०२४ च्या पॉझिक्स मानकात तत्काळ मूल्यासाठी ::= असे निराळे चिन्ह घेण्यात आले. ?= बद्दल असे भांडण नव्हते; ते त्याच मानकात जसेच्या तसे आले. स्वतः फेल्डमन यांनीही मेकमधील आज्ञेच्या ओळीपूर्वी ‘टॅब’च हवा, हा जाचक नियम बदलला नाही. कारण तोवर डझनभर लोक तो वापरू लागले होते!

वर्गात हे शिकवायला संगणकच हवा असे नाही. एखादा छापील अर्ज घ्यावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे : यातील कोणती माहिती लिहिताक्षणी कायम होते, कोणती दर वेळी नव्याने पाहावी लागते आणि कोणती आपण न भरल्यास दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते? तिसऱ्या प्रकाराकडे सहसा लक्ष जात नाही. ?= हे चिन्ह तो प्रकार उघडपणे लिहून दाखवते आणि शेवटचा शब्द वापरणाऱ्याकडे ठेवते.