कानामागून आलेली पुस्तकं

मार्चअखेरचे दिवस होते. शाखेत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले होते आणि मी सहज बोलून गेलो, की या वर्षात माझी २३ पुस्तकं वाचून झाली. बँकेत माणसाने काय काय बोलू नये याची यादी मोठी आहे आणि त्यात पुस्तकांचा नंबर बराच वरचा असावा. कारण आमच्या हेड कॅशियरांनी घास हातातच धरला आणि विचारलं, "वाचली की ऐकली?"

"ऐकली," मी म्हणालो.

"मग वाचली म्हणू नका. तोंडी वायदा आणि लेखी वायदा यांतला फरक तुम्हाला मी सांगायला हवा?"

मी गप्प बसलो. मी बी. कॉम. आहे आणि बी. कॉम. माणसाला वाङ्मयाच्या बाबतीत कोणीही गप्प बसवू शकतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कुठलाही हिशेब जुळला नाही की आम्ही मागच्या तारखांपासून तपासत येतो. या प्रकरणातही मी तेच केलं.

मी ऐकायला लागलो तो नाइलाजाने. मी डोंबिवलीला राहतो आणि बँक आहे फोर्टात. सकाळच्या गाडीत माणसाचा एक हात वरच्या कडीला असतो, दुसरा खिशातल्या पाकिटावर, आणि डोळ्यांसमोर दुसऱ्याची मान. पुस्तक धरायला तिसरा हात देवांनाच असतो. उरले कान. गर्दीच्या गाडीत शेवटपर्यंत आपल्या मालकीचे राहतात ते फक्त कान, म्हणून त्यांत मी बोंडं खुपसली आणि ऐतिहासिक पुस्तकं ऐकू लागलो.

हे दुःख माझं एकट्याचं नाही, हे कळल्यावर बरं वाटलं. अमेरिकेत डुव्हाल हेक्ट नावाचा एक गृहस्थ होता. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलेला, पण पोटासाठी गुंतवणुकीच्या धंद्यात, म्हणजे आमच्या भावकीतलाच. रोज लॉस एंजेलिसला मोटारीने जा-ये करताना रेडिओवरची तीच ती बडबड ऐकून तो कंटाळला आणि १९७५ साली त्याने अख्खी पुस्तकं कॅसेटवर वाचून घेऊन टपालाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. ऑलिंपिकविजेत्यालाही ऑफिसला जाण्याचा कंटाळा येतो, ही गोष्ट मी आमच्या मॅनेजरसाहेबांच्या कानावर घालणार आहे.

पण मूळ खातं त्याहून जुनं निघालं. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहून काढले, त्यांत अंधांसाठी बोलती पुस्तकं होती. (गाण्याच्या तबकड्यांवर जग पुढे लाखो रुपये उधळणार होतं, त्याच्या डोक्यात आधी चिठ्ठ्या-पत्रं आणि पुस्तकं होती. अगदी कारकुनी वळणाचं डोकं.) मात्र तेव्हाच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटांच्या वर काही मावत नसे, त्यामुळे कादंबरीला पन्नास-साठ वर्षं थांबावं लागलं. अमेरिकेत १९३४ साली आणि इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी बोलत्या पुस्तकांच्या तबकड्या निघाल्या. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक तोवर चाळिशीला आले होते. थोराड बोटांनी ब्रेल शिकणं सगळ्यांना जमत नव्हतं. इंग्लंडातल्या तबकडीवर एका बाजूला साधारण २५ मिनिटं वाचन मावे, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चळत लागे. तिथल्या पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडचं 'टायफून' होतं आणि अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. ज्यांनी हे दुसरं वाचलंय त्यांना ठाऊक आहे, की गोष्ट सांगणाऱ्यावर किती विश्वास टाकावा हाच त्यातला खरा प्रश्न. बोलत्या पुस्तकांचं उद्घाटन करायला ही चीज निवडणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला.

'ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे' ही हेड कॅशियरांची हरकत तेव्हाही निघाली होतीच.

आपल्याकडे तर या हरकतीला काही आधारच सापडत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२मध्ये नेवाशाला आधी बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी आपली परंपरा सांगते. म्हणजे मराठीतल्या सर्वांत मोठ्या पुस्तकाची ध्वनिप्रत आधी निघाली, छापील मागाहून. बखरींचंही तेच. सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचं चरित्र लिहिलं, ते पलंगावर पडून एकट्याने वाचायला नव्हे. त्या काळी लेखन होई मोडीत. मोडीत आधी एक लांबलचक रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबलं, याची खूण नाही. असला कागद चिटणिसाने खड्या आवाजात वाचायचा आणि सरकारांनी ऐकायचा, म्हणजे अर्थ मोकळा होई. अर्ध्या मराठेशाहीने आपलं टपाल कानाने वाचलंय. १९५५ची १ एप्रिल ते १९५६चा एप्रिल या वर्षभरात पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाची ५६ गीतं झाली, तेव्हा रेडिओसमोर बसलेल्यांपैकी कुणाला 'वाचलं की ऐकलं' असं विचारायची कोणाची छाती झाली असेल असं वाटत नाही.

असो. आता थोडी स्वतःची मतं सांगतो. २३ पुस्तकं ऐकल्यावर माणसाला तेवढा अधिकार येतो.

पहिली तक्रार घोड्यांविषयी. ऐतिहासिक पुस्तक म्हटलं की काही मंडळी पार्श्वभूमीला टापांचा आवाज लावतात. दूत आला, टापा. दूत गेला, टापा. खलबतखान्यात दोघं कुजबुजताहेत, तरी लांबून टापा. वाचणाराही तशाच जोशात असतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हातात तलवार असल्यासारखा. मूळ लेखकाने साधं लिहिलेलं असतं की महाराज जेवायला बसले, पण हे गृहस्थ ते असं म्हणतात की ताटाचं काय होणार या काळजीने माझा हात कडीवरून सुटतो.

दुसरी अडचण नावांची. बाळाजीचा मुलगा बाजीराव, बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, त्याचा मुलगा माधवराव, माधवरावाच्या पुतण्याचं नाव पुन्हा माधवराव, आणि शेवटी परत बाजीराव. छापील पुस्तकात आरंभी वंशावळ असते, आपण बोट ठेवून मागे-पुढे करतो. कानाला बोट कुठे ठेवणार? (ठेवलं तर ऐकूच येत नाही.) एका घरात तीच नावं आलटून-पालटून वापरणारे खातेदार आमच्याकडे आले असते तर आम्ही प्रत्येकाचं पॅन कार्ड मागितलं असतं.

शिवाय डोळ्याला एक सवलत आहे, ती कानाला नाही. कादंबरीत शनिवारवाड्यातल्या झुंबरांचं दोन पानी वर्णन आलं, की डोळा हळूच मागच्या दाराने निघतो आणि संवाद सुरू होतो तिथे हजर होतो. कानाला सगळी झुंबरं मोजावी लागतात. पाच-सहाशे पानी कादंबऱ्यांपैकी कोणत्या खऱ्या चालत्या-बोलत्या आहेत आणि कोणत्या नुसत्या लठ्ठ, हे ऐकताना चट्कन कळतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या परीक्षेत पहिल्या नंबराने पास. ती १९३४ला छापून यायला लागली खरी, पण वाटतं असं की बाई ओट्यापाशी भाजी निवडता निवडता सांगताहेत. तिथे टापा वगैरे काही लागत नाहीत. आणि पु. लं.ची गोष्ट निराळीच. त्यांचं छापील पुस्तक उघडलं तरी आतून त्यांचाच आवाज येतो, त्यामुळे ते वाचलं की ऐकलं हे कोर्टातही ठरणार नाही.

आमच्या शेजारचा मुलगा सगळं दीडपट वेगाने ऐकतो. "काका, पानिपत दोन दिवसांत उडवलं," म्हणाला. मला काही हे पटत नाही. भाऊसाहेब मार्च १७६०मध्ये परतूरहून निघाले, पानिपताशी तळ पडेपर्यंत ऑक्टोबर संपला, आणि पुढे लाखभर तोंडं अडीच महिने कोंडीत. ती उपासमार दीडपट वेगाने ऐकली की संकष्टीचा उपास वाटतो. मी ते पुस्तक साध्या वेगाने, गाडीच्या वेगाने ऐकलं. अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली तेव्हा आमची गाडी कळव्याच्या खाडीवर सिग्नलला उभी होती. तो सबंध फौज घेऊन पार झाला आणि आम्ही अठरा मिनिटं तिथेच.

त्याच पुस्तकात पानिपतानंतरच्या त्या पत्रापाशी मी आलो. शाळेत सगळ्यांनी वाचलंय ते. १४ जानेवारी १७६१ला सगळं संपलं. त्याची खबर, ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात सांगितलंय त्याप्रमाणे, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून लागली. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुप्या-तांब्याची तर मोजदाद नाही, अशा आशयाची ती सांकेतिक भाषा. शाळेत मास्तरांनी समजावलं होतं, मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार. मी परीक्षेत ते लिहून दोन गुण मिळवले होते. पण त्या दिवशी गाडीत वाचणाऱ्याने ते अगदी सपाट आवाजात म्हटलं, दिवसअखेरीला कॅश जुळवताना आम्ही आकडे पुकारतो तसं. मग मध्ये थोडं थांबला. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो लिहिणारा माणूस आला. माझाच कोणीतरी पूर्वज. पेढीवर बसलेला, बोरू हातात, आणि आयुष्यभर ज्या रकान्यांत जमा-खर्च मांडला त्याच रकान्यांत त्याला आता माणसं मांडायची आहेत. वीस वर्षं मी खुर्दा मोजतोय. त्या शेवटच्या रकान्यात बेरीज लिहिता न येणं ही काय चीज आहे, हे मला मास्तरांपेक्षा जास्त कळतं. नानासाहेब त्यानंतर जेमतेम पाच महिने जगले. २३ जून १७६१ला पर्वतीवर गेले. माझं स्टेशन आलं तेव्हा मी उतरलो नाही, म्हणजे उतरायचं राहिलं. सुदैवाने गाडी पुढे जातच नव्हती.

हे सगळं रात्री अण्णांना सांगितलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांना इतिहासाचं व्यसन, आणि काचबिंदूने त्यांची नजर नेली. काचबिंदू दरोडा घालत नाही, कडेकडेने उचलेगिरी करतो. लक्षात येईपर्यंत घर रिकामं झालेलं असतं. गेली तीन वर्षं रोज रात्री नऊ ते दहा मी त्यांना वाचून दाखवतो. आता खरं सांगायचं तर बोलती पुस्तकं मला इतकी आवडली, त्यात एक स्वार्थ होता. मी त्यांना एक फोन घेऊन दिला, त्यात पुस्तकं भरून दिली, बटणं शिकवली आणि नऊ ते दहा मोकळे झाले या आनंदात टीव्हीसमोर बसलो.

चौथ्या दिवशी अण्णांनी बोलावलं.

"वाचतो चांगला रे तो. उच्चार स्वच्छ आहेत. तुझ्यापेक्षा बरेच."

"मग?"

"त्याला अडवता येत नाही."

"अण्णा, बटण आहे ना. मधलं दाबलं की थांबतो."

"थांबतो. पण मी म्हटलं, 'हे काही खरं नाही, राजवाडे वेगळं म्हणतात', तर गप्प बसतो नुसता. तू निदान 'हूं' म्हणतोस."

तेव्हा पुन्हा नऊ ते दहा. सध्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' चालू आहे. वरसईचा हा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार, हे कळलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, आणि नेमका बंडात सापडला. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाने वाट निवडावी तर कोणती! पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, तेव्हा भटजी हयात नव्हते.

एका रात्री क्रिकेटची मॅच होती. भटजी अजून वरसईतच होते, घरच्यांशी जाण्याबद्दल बोलणं चाललं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि आवाजात काही फरक न करता तीन पानं एकदम उलटून त्यांना रस्त्याला लावलं. अण्णांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "घरच्यांचा निरोप न घेताच निघाला वाटतं या खेपेला?"

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हिशेबात एका पैशाची अफरातफर निघाली नाही. ती निघाली घरी, नजर गेलेल्या ऑडिटरसमोर. पुस्तक त्यांना पाठ आहे, हे मला तेव्हा कळलं. मी काही न बोलता तीन पानं मागे गेलो. मॅच आपण हरलो, एवढं नंतर समजलं.

आता भटजी झाशीत आहेत, शहराला वेढा पडलाय आणि गोळे चालू आहेत. आज शाखेत इन्स्पेक्शन निघालं. घरी पोहोचायला अकरा वाजणार हे दिसताच मी अण्णांना फोन केला. म्हटलं, "आजच्यापुरतं तुम्ही त्या माणसाकडून पुढचं ऐका. प्रकरण ऐन रंगात आहे."

"नको," अण्णा म्हणाले. "थांबतील भटजी."