मेगालानियाचे विष



कारखान्यांतील खातेनिहाय चौकशांत कामगारांची बाजू मांडण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. तेथे पहिला प्रश्न पुराव्याचा. आज तोच प्रश्न एका नामशेष प्राण्यासंबंधी विचारावयाचा आहे.

1859 साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातील कंडामाइन नदीच्या परिसरात सापडलेल्या मणक्यांचे वर्णन केले व त्या प्राण्यास 'मेगालानिया' हे नाव दिले. हा जमिनीवर राहणारा राक्षसी सरडा होय, हे त्याने बरोबर ओळखले. परंतु 1880 मध्ये शिंगे असलेली एक कवटीही त्याने याच प्राण्याची ठरविली. ती निघाली कासवाची! पुढच्या अभ्यासकांनी ती चूक दुरुस्त केली. पंडिताचा शब्द झाला तरी तो तपासूनच घ्यावा लागतो.

आज मेगालानियाची गणना घोरपडींच्या वंशात होते; म्हणजे आपल्या डोंगरकपारींतील घोरपड ही त्याची दूरची आप्तच. त्याचा पूर्ण सांगाडा मिळालेला नाही. त्यामुळे लांबीचे अंदाज साडेतीन मीटरपासून सात मीटरपर्यंत जातात.

विषाची गोष्ट निघाली 2009 साली. इंडोनेशियातील कोमोडो घोरपडीच्या चाव्याचा दोष तोवर लाळेतील जंतूंवर ठेवला जाई. ब्रायन फ्राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या खालच्या जबड्यातील ग्रंथी दाखविल्या. त्यांतील स्रावाने भक्ष्याचा रक्तदाब उतरतो व रक्त गोठत नाही, असे मांडले. मेगालानिया तिचा आप्त. तेव्हा तोही विषारी असावा, आणि तसे असल्यास ज्ञात विषारी प्राण्यांत तो सर्वांत मोठा ठरेल, असे त्यांचे म्हणणे.

तर्क सयुक्तिक आहे. पण ग्रंथी मऊ असते. हाडासारखी ती मातीत टिकत नाही. मेगालानियाची ग्रंथी कोणीही पाहिलेली नाही. शिवाय कोमोडोला शिकारीत विषाचा कितपत उपयोग होतो, याविषयीही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

भाऊ दंगलीत होता, तेव्हा हाही असणारच, अशा अर्थाची आरोपपत्रे मी वाचली आहेत. नात्यावरून संशय घेता येतो, शोधाची दिशा ठरविता येते. निकाल देता येत नाही. फ्राय यांनी 'असावा' म्हटले होते. ऐकणाऱ्यांनी त्याचे 'होता' करून टाकले. मेगालानिया आपली बाजू मांडायला येणार नाही; म्हणूनच हा एक शब्द आपण जपून वापरला पाहिजे.